हॉर्न स्पीकर कानाला टोचतात, म्हणून अ‍ॅम्प बदलू का?

प्रश्न नाशिकहून आला आहे. थोडक्यात असा: "सेकंड हँड हॉर्न स्पीकर घेतले. १२ इंची वूफर (खालच्या सुरांचा), मिड (मधल्या) आणि ट्विटर (वरच्या) दोन्ही हॉर्नवर, माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी ९९ डेसिबल (डीबी). अ‍ॅम्प वीस वर्षं जुना, १०० वॉटचा ट्रान्झिस्टर इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात). हॉल ११ बाय १६ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काचेची दारं. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीतं. पहिली दहा मिनिटं अंगावर काटा येतो, अर्ध्या तासानं कान शिणतात आणि आतल्या खोलीतून बायको म्हणते, जरा कमी करा. दुकानदार म्हणतो, ३००बी व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीचा) ८ वॉटचा अ‍ॅम्प लावा, सगळं मखमली होईल. दीड लाख घालू का?"

लगेच घालू नका. माझं आयुष्य अ‍ॅम्प दुरुस्त करण्यात आणि लोकांच्या घरी जाऊन स्पीकर मांडून देण्यात गेलं आहे, आणि हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. प्रत्येक वेळी तो 'कोणता अ‍ॅम्प घेऊ' असाच विचारला जातो. खरा प्रश्न मात्र 'टोचतंय ते नेमकं कुठून येतंय' हा असतो. अ‍ॅम्पचा त्यात वाटा असतो, नाही असं नाही. पण बहुतेक घरांत तो दुकानदार दाखवतात त्या जागी नसतो.

तुमची खोली मी ऐकलेली नाही, हे आधीच सांगतो. तुमचे स्पीकर आधीच्या मालकाकडे कसे वापरले गेले, त्यात काय काय बदललं गेलं, तुम्ही किती मोठ्यानं ऐकता, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे खाली लिहितो त्यातलं काही तुमच्याकडे तंतोतंत लागू पडेल, काही पडणार नाही.

सुरुवात 'टोचणं' या शब्दापासून करू, कारण त्याखाली तीन-चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' थाळीवर चमचा आपटल्यासारखा येतो का? गाण्यातले स, श, च थुंकल्यासारखे फुटतात का? तंबोऱ्याची जवारी फुलण्याऐवजी पत्र्याची तार झंकारल्यासारखी वाटते का? की सगळं स्वच्छ आहे, पण आवाज किनरा आहे, त्याला खालचा भराव नाही? पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बरेचदा खोलीत किंवा मांडणीत सापडतं. जवारी बिघडत असेल तर अ‍ॅम्प किंवा ड्रायव्हर तपासायला हवा. आणि चौथी तक्रार, म्हणजे किनरा आवाज, ही ट्रेबल जास्त असल्याची नसतेच, बास कमी असल्याची असते. फक्त जुन्या चित्रपटगीतांतच टोचत असेल आणि एखाद्या चांगल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टोचत नसेल, तर दोष त्या ध्वनिमुद्रणातला किंवा त्याच्या नव्या, आवाज चढवून काढलेल्या आवृत्तीतला आहे. तो कोणताही अ‍ॅम्प काढून टाकू शकणार नाही.

आता हॉर्न हा प्रकार काय आहे, ते थोडक्यात. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा डोळ्यांपुढे आणा. सुईनं हलणारा पडदा एवढासा, पण कर्ण्यामुळे तो आख्ख्या खोलीला ऐकू जायचा. पडदा जड आणि ताठ, हवा हलकी. पडद्याची बरीचशी मेहनत हवेला नुसती ढकलण्यात वाया जाते. कर्णा अरुंद तोंडापासून हळूहळू रुंदावत जातो आणि पडद्याची हालचाल हवेच्या गळी नीट उतरवतो. हे एक प्रकारचं ट्रान्सफॉर्मरचं काम आहे. बोलपट आले तेव्हा अ‍ॅम्प दुबळे होते आणि थिएटरं मोठी. १९३८ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००बी ही व्हॉल्व्ह आली. अशी एक व्हॉल्व्ह एकटी वापरली तर जेमतेम ८ वॉट देते. एवढ्यात शेकडो प्रेक्षकांना ऐकवायचं तर हॉर्नशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली कंपनी काढली आणि हॉर्न घरात आणला. त्यांचा क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा असतो. कोपऱ्यातल्या दोन भिंती त्याच्या बासच्या हॉर्नचाच पुढचा भाग होतात.

हे कोपऱ्याचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हॉर्नबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, तो आवाज समोर रोखून फेकतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या रोखात बसलात की वरच्या पट्टीचा आवाज थेट कानात येतो. दोन, थोड्या हालचालीत काम होत असल्यामुळे त्यात विकृती, म्हणजे मूळ सुरात नसलेली भेसळ, कमी असते. ही खरं तर चांगली गोष्ट. पण आपल्याला 'आवाज मोठा झाला' हे बहुधा विकृतीवरूनच कळतं. साध्या स्पीकरवर मोठ्यानं लावलं की तो ओरडायला लागतो, मग आपण कमी करतो. हॉर्न ओरडत नाही, म्हणून आपण नकळत ५-६ डीबी जास्त आवाजात ऐकत राहतो. त्यात आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, ती ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. त्याच पट्ट्यात तारसप्तकातल्या आवाजाची धार, चाटेचा टणत्कार आणि बहुतेक हॉर्नचा सगळ्यात जोरकस भाग येतो. अर्ध्या तासानं कान शिणतात ते बरेचदा एवढ्यानंच. फोनवर आवाज मोजायचं एखादं अ‍ॅप टाका आणि सोफ्यावर बसून सरासरी बघा. ७५ डीबीच्या आसपास असेल तर ठीक. ८५ च्या वर असेल तर आधी तो आकडा खाली आणा, मग पुढचं बोलू.

आता अ‍ॅम्पकडे येऊ. इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते एकदा समजलं की दुकानात तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही. ९९ डीबी म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ९९ डीबी. माहितीपत्रकातला आकडा थोडा उदार असतो, म्हणून मी मनाशी तीनेक डीबी कमी धरतो. तुम्ही दहा फुटांवर बसता असं धरू, तिथे मोकळ्या हवेत साडेनऊ डीबी कमी होतील. स्पीकर दोन आहेत आणि बंद खोली आवाज सांभाळून धरते, त्यामुळे त्यातले बरेच परत मिळतात. सगळं मिळून एकेका वॉटवर तुमच्या कानाशी ९३ ते ९५ डीबी पोचतात असं समजा. तुमचं ऐकणं ७५ च्या आसपास धरू. म्हणजे २० डीबी खाली. प्रत्येक १० डीबीला शक्ती दहापट कमी होते, म्हणून २० डीबीला शंभरपट. तुमचा १०० वॉटचा अ‍ॅम्प सरासरी एक शतांश वॉटवर चालतो आहे. पखवाजाची थाप किंवा तानेचा शेवटचा झटका सरासरीच्या १५-२० डीबी वर गेला तरी एक वॉट पुरतो.

याचा अर्थ असा की हॉर्नवाल्यानं अ‍ॅम्प निवडताना १०० वॉट की ८ वॉट हा वाद बाजूला ठेवावा आणि त्याचा पहिला वॉट कसा आहे, ते बघावं. माहितीपत्रकात विकृतीचा आकडा बहुधा पूर्ण शक्तीच्या जवळपासचा दिलेला असतो. तिथे तुम्ही कधीच पोचणार नाही.

पहिल्या वॉटमध्ये सगळ्यात आधी खुरखुर आणि हिस. अ‍ॅम्प चालू करा, काहीही लावू नका, व्हॉल्यूम शून्यावर, पंखा बंद, आणि ट्विटरच्या हॉर्नला कान लावा. नंतर हळूहळू मागे सरका. किती अंतरावर हिस नाहीशी होते? एक वीतभर अंतरावर नाहीशी झाली तर अ‍ॅम्प शांत आहे. सोफ्यावर बसूनही रात्री ऐकू येत असेल तर अडचण आहे. आकड्यांत सांगायचं तर अ‍ॅम्पच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट एवढीही खुरखुर असली तर ८ ओहमच्या स्पीकरवर ती १ वॉटपेक्षा ६९ डीबी खाली येते. साध्या ८६ डीबीच्या स्पीकरवर तिचे १७ डीबी होतात, कुणाला पत्ता लागत नाही. तुमच्या स्पीकरवर तिचेच ३० होतात, आणि रात्रीची शांत खोली साधारण तेवढीच असते. म्हणजे दुसऱ्याच्या घरी निर्दोष वाटलेला अ‍ॅम्प तुमच्याकडे सुसकारे टाकेल. ही हिस आवाजाच्या मागे सतत पसरलेली राहते, आणि तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांत मिसळली की सगळं कोरडं, भुरभुरीत वाटायला लागतं.

आता व्हॉल्यूम थोडा वाढवून बघा. हिस वाढली तर ती आधीच्या टप्प्यातून येते आहे, तसूभरही बदलली नाही तर पॉवर स्टेजची आहे. घूंऽऽ असं हमिंग असेल आणि केबल टीव्हीची वायर काढल्यावर ते थांबत असेल, तर अर्थिंगचं वेटोळं पडलं आहे. अ‍ॅम्प निर्दोष आहे.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत मला हिचाच सगळ्यात जास्त संशय आहे: बायस. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना खटका बसू नये म्हणून दोघांतून थोडा करंट सतत वाहता ठेवलेला असतो. हाच बायस. तो वीस वर्षांत उतरतो. प्रीसेटवर (तो ठरवणाऱ्या छोट्या फिरत्या रेझिस्टरवर) गंज चढतो, किंवा कुणीतरी अ‍ॅम्प गरम होतो म्हणून तो मुद्दाम कमी करून ठेवलेला असतो. मग प्रत्येक लहरीच्या मधोमध एक बारीकशी पायरी पडते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते. लहान आवाजात, म्हणजे शतांश वॉटवर, तीच मोठी दिसते. आणि तुम्ही नेमके तिथेच ऐकता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर असाच एक अ‍ॅम्प आला होता. मालकाची तक्रार तुमच्यासारखीच: स्पीकर टोचतात, विकून टाकू का? अर्धा तास तापू दिला, एमिटर रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला, तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या आकड्याच्या दहाव्या भागाइतका व्होल्टेजही नव्हता. ऑसिलोस्कोपवर ५० मिलिवॉटची साइन लहर लावली तेव्हा शून्याच्या रेषेपाशी ती पायरी नुसत्या डोळ्यांना दिसत होती. दोन्ही प्रीसेट बदलले, बायस मॅन्युअलप्रमाणे बसवला, फिल्टर कपॅसिटर फुगलेले होते ते नवे घातले. स्पीकर तेच, खोली तीच. तंबोरा लावल्यावर त्या गृहस्थांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. एकूण खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी आला. तुमचा अ‍ॅम्प वीस वर्षांचा आहे, म्हणून हे आधी तपासून घ्या. मॅन्युअल समोर ठेवून काम करणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि स्वतः आत हात घालू नका. मेन्स बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते.

तिसरी गोष्ट गेनची, म्हणजे सिग्नल किती पट वाढवला जातो त्याची. तुमच्याकडे डॅक (डिजिटल संगीताची विजेची लहर करणारं यंत्र) असेल, तर त्यातून पूर्ण आवाजाला बहुधा २ व्होल्ट येतात. जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला पूर्ण शक्तीसाठी पाव व्होल्टही पुरतो. त्यात स्पीकर एवढे संवेदनशील. त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या सातवरून आठवर नेलं की हॉल भरतो, बरोबर? पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) या सुरुवातीच्या भागात डावा आणि उजवा ट्रॅक सारखे नसतात, दोन-तीन डीबीचा फरक सहज पडतो. गायक मधोमध बसण्याऐवजी एका स्पीकरकडे सरकतो, त्या बाजूचा हॉर्न जास्त बोलतो आणि तोच टोचतो. उपाय सोपा आहे. १० किंवा १२ डीबीचे अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे छोटे जोड) आरसीए पिनांवर मिळतात, ते डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावा. बटण नऊ-दहावर येईल, आवाज मधोमध येईल आणि हाताला बारीक फेरफारही करता येतील.

आता दुकानदारांच्या मखमलीकडे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उबदार, ट्रान्झिस्टरचा थंड, हे इतकं सर्रास बोललं जातं की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मीही ते मानूनच एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी ३००बीचा सिंगल एंडेड (एकेकट्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प लावून दिला होता. स्पीकर तुमच्याच जातीचे, थ्री-वे, वरचे दोन्ही हॉर्न. पहिल्या संध्याकाळी सगळे खूश. आठवड्यानं त्यांचा फोन आला: "आवाज देखणा झालाय, पण किशोरीताई तारसप्तकात गेल्या की आधीपेक्षा जास्त बोचतंय." मला ते खरंच वाटेना. उपकरणं घेऊन गेलो आणि स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. खालच्या मध्यपट्टीत ८ ओहम, आणि २००० हर्ट्झच्या पुढेमागे चक्क ३० ओहम. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स निघाला ३ ओहम.

हे दोन आकडे एकत्र आणा. अ‍ॅम्पचे ३ ओहम आणि स्पीकरचे ८ ओहम एकामागोमाग येतात, तेव्हा स्पीकरच्या वाट्याला ११ पैकी ८ भाग व्होल्टेज येतं, म्हणजे सुमारे २.८ डीबी कमी. जिथे स्पीकर ३० ओहमचा आहे तिथे ३३ पैकी ३०, म्हणजे फक्त ०.८ डीबी कमी. फरक २ डीबीचा, आणि तोही नेमका कान सगळ्यात तिखट असतो त्या पट्टीत चढता. मऊ करायला आणलेल्या अ‍ॅम्पनं मधला हॉर्न २ डीबी वर उचलला होता. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स ०.१ ओहमच्या आत असतो. तिथे हाच फरक ०.१ डीबीपेक्षा कमी पडतो, कुणालाही ऐकू येणार नाही एवढा.

म्हणजे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाईट असतो का? अजिबात नाही. ज्या स्पीकरचा इम्पीडन्स वर सपाट आणि बासच्या अनुनादापाशी उंच असतो, तिथे हाच अ‍ॅम्प बासला उचल देतो आणि आवाज खरोखर भरदार होतो. सगळं त्या स्पीकरच्या इम्पीडन्सच्या आलेखावर ठरतं. जास्त आउटपुट इम्पीडन्सचा अ‍ॅम्प तुमच्या स्पीकरला न विचारता लावलेला टोन कंट्रोल आहे, आणि त्याचं बटण कुठे फिरलंय ते आलेख बघितल्याशिवाय कळत नाही. प्राध्यापकांच्या घरी मी स्पीकरच्या वायरी ८ ओहमच्या टॅपवरून (मागच्या जोडणीवरून) काढून ४ ओहमच्या टॅपवर लावल्या. त्यानं आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो, आणि २ डीबीचा फरक १ डीबीवर आला. शक्ती थोडी कमी मिळते, पण हॉर्नला ती हवी कुणाला? त्यांनी तो अ‍ॅम्प पुढे काही वर्षं आनंदानं वापरला. त्या दिवसापासून मी इम्पीडन्स मोजल्याशिवाय कुणालाही व्हॉल्व्ह सुचवत नाही.

तुमच्या दुकानदाराला म्हणूनच एकच प्रश्न विचारा: याचा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले आउटपुट इम्पीडन्स) किती? उत्तर दोन-तीन आलं, तर आउटपुट इम्पीडन्स ३-४ ओहम आहे असं समजा आणि अ‍ॅम्प घरी आणून आठवडाभर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हॉल्व्हच हवी असेल तर ईएल३४ किंवा ईएल८४ या व्हॉल्व्हच्या जोडीवरचा पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह लहर वाटून घेतात असा), फीडबॅक (आउटपुट मागे आणून चूक सुधारणारी सोय) असलेला अ‍ॅम्प हॉर्नला जास्त भरवशाचा वाटतो. व्हॉल्व्हची दुसरी बाजूही लक्षात घ्या. आउटपुट व्हॉल्व्ह काही हजार तासांनी बदलाव्या लागतात, अ‍ॅम्प नुसता चालू असतानाही भरपूर वीज खातो, आणि एप्रिल-मेमध्ये पंखा लावावा लागला की पंख्याच्या आवाजात ती सगळी नजाकत बुडून जाते.

आता खोलीकडे, कारण तुमचं वर्णन वाचून माझं पहिलं लक्ष टाइल्स आणि काचेकडेच गेलं. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झिंऽऽ अशी पत्र्यासारखी शेपटी आली तर समोरासमोरच्या दोन कठीण पृष्ठभागांत आवाज चेंडूसारखा टपटपतो आहे. चाटेचा 'ना' थाळीसारखा वाजतो तो यामुळे. घरात जाड सतरंजी असेल तर ती स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये पसरा. काचेवर जाड पडदा ओढा. मग कुणाला तरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला लावून सरकवायला सांगा. सोफ्यावरून आरशात ज्या जागी हॉर्न दिसेल, तिथून आवाज तुमच्याकडे परततो. त्या जागी दोन दिवस गोधडी टांगून ठेवा. गोधडीनं बासला काही होत नाही, पण हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचं ती चांगलं शोषून घेते, आणि आपल्याला तेच हवं आहे. फरक पटला तर नंतर त्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा कापडाचं पॅनेल कायमचं करा. न पटला तर गोधडी घडी करून ठेवून द्या, एक रुपयाही गेला नाही.

मांडणीत दोन गोष्टी तपासा. स्पीकर भिंतीपासून किती पुढे आहेत? इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं की स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे आणा. ते साध्या अरुंद स्पीकरसाठी ठीक असेल. तुमच्यासारख्या १२ इंची वूफरच्या, लहान पेटीच्या हॉर्न स्पीकरचा बास मुळात बेताचा असतो, आणि त्याला भिंतीचा, जमलं तर कोपऱ्याचा आधार धरूनच तो घडवलेला असतो. वर कोपऱ्याचं लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. मागे सरकवा, अगदी पाच-सहा इंचांवर, आणि ऐका. बास भरला की तीच ट्रेबल टोचेनाशी होते. माझ्या अनुभवात किनऱ्या आवाजाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दुसरं, हॉर्नचा रोख. आत्ता ते थेट तुमच्या कानाकडे बघत असतील तर थोडे जास्त आत वळवा, म्हणजे दोघांच्या रेषा तुमच्या डोक्याच्या फूटभर पुढे एकमेकींना छेदतील. मधला गायक जागचा हलत नाही, पण धार उतरते.

सेकंड हँड स्पीकर आहेत म्हणून एकदा मागचं झाकण उघडून घ्या. क्रॉसओव्हरमधले (वेगवेगळे सूर आपापल्या ड्रायव्हरकडे वाटणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जुने झालेत का, एखाद्या ड्रायव्हरच्या वायरी उलट्या लागल्यात का, आणि कुणी मिडचा डायाफ्राम (पडदा) बदलून स्वस्तातला बसवला आहे का. दोन स्पीकरांत एकच वाजवून दुसऱ्याशी ताडून बघा. एकच टोचत असेल तर दोष त्या पेटीत आहे. क्रॉसओव्हरमध्ये लेव्हलचे टॅप असतील तर मिड एक पायरी खाली घेता येतो. नसतील तर डिजिटल प्लेअरमधून ३००० हर्ट्झभोवती रुंद असा २ डीबीचा खड्डा द्या. अ‍ॅम्पवर बास-ट्रेबलची बटणं असतील तर ती वापरा, ती त्यासाठीच दिलेली आहेत. रात्री हळू आवाजात लाउडनेस (बास उचलणारं बटण) लावा. हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलं आहे. महागड्या वायरींवर मात्र खर्च करू नका.

हे सगळं करूनही नवा अ‍ॅम्प घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, पण दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज सारखा करून ताडून बघा. २०० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा आणि दोघांचा व्होल्टेज एकाच आकड्यावर आणा. अर्धा डीबी मोठा वाजणारा अ‍ॅम्प बहुधा चांगलाच वाटतो. मी तुमच्या जागी असतो तर ३० ते ४० वॉटचा, शांत, बटणं असलेला साधा अ‍ॅम्प बघितला असता, आणि त्याची एकच परीक्षा घेतली असती: रात्री अकराला, अगदी हळू, फक्त तंबोरा.

या रविवारी आधी हिसची चाचणी करा, स्पीकर मागे सरकवा, सतरंजी आणि गोधडी लावा. पुढच्या आठवड्यात बायस मोजून घ्या. हिस किती इंचांवर थांबली, टाळीची शेपटी गेली का, आणि बायस किती मिलिव्होल्ट निघाला, एवढं कळवा. इम्पीडन्स मोजायचा झाला तर एक १०० ओहमचा रेझिस्टर आणि तुमचा फोन एवढ्यावर तो घरीच कसा काढायचा, ते मी पुढच्या वेळी लिहीन.